पुण्याहून सहकुटुंब बंगळूर: गाडी काढायची की विमान पकडायचं?

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरात हा वाद ठरलेला. एकाचं म्हणणं, "चार तिकिटांच्या पैशात गाडीने जाऊन वर चार दिवस राहून येऊ." दुसऱ्याचं म्हणणं, "दीड तासात पोचतो, कशाला कंबरडं मोडून घ्यायचं?" दोघंही अर्धवट हिशेब मांडत असतात. एकजण फक्त पेट्रोल धरतो, दुसरा फक्त विमान हवेत असतानाचा वेळ.

मुलाबाळांना घेऊन पहिल्यांदाच मोठ्या शहराच्या सहलीला निघालेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण पुणे–बंगळूरचं घेतलंय, कारण खरी पंचाईत याच अंतरावर होते. पुणे–मुंबईला विमानाचा विचार कुणी करत नाही आणि पुणे–दिल्लीला शहाणा माणूस मुलांना घेऊन गाडी काढत नाही. बंगळूर मात्र साधारण ८४० किलोमीटर, म्हणजे धड जवळ नाही, धड लांब नाही. तुमचं शहर वेगळं असलं तरी पद्धत हीच वापरा.

एक पथ्य पाळा. तिकिटांचं ॲप आधी उघडू नका. भाड्याचा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की पुढचा सगळा विचार त्याच्याभोवती फिरतो.

पायरी पहिली: दारापासून दारापर्यंतचं घड्याळ

समजा घर कोथरूडला आहे आणि बंगळूरला जयनगरात उतरायचंय.

विमानाने: कोथरूड ते लोहगाव विमानतळ, गर्दीच्या वेळी सव्वा ते दीड तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचं. विमानात दीड तास. उतरल्यावर पट्ट्यावरून बॅगा येईपर्यंत अर्धा तास. मग येतो तो टप्पा, जो नवखा माणूस हमखास विसरतो: केंपेगौडा विमानतळ शहरात नाही, देवनहळ्ळीला आहे. शहराच्या मध्यावरच्या मॅजेस्टिकपासूनच तो पस्तीस किलोमीटरच्या आसपास पडतो आणि जयनगर त्याच्याही दक्षिणेला. हेब्बाळच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या की दीड-दोन तास गेलेच म्हणून समजा. बेरीज केलीत तर दीड तासाचा प्रवास सात-साडेसात तासांवर जातो. सकाळी सातला घर सोडलंत तर हॉटेलात टेकेपर्यंत दुपारचे दोन वाजतात.

गाडीने: नकाशा तेरा-चौदा तास दाखवेल. त्यावर जाऊ नका. त्यात मुलांची लघवी नाही, आजोबांचा चहा नाही, धाकटीला उलटी झाल्यावर रस्त्याकडेला घालवलेली वीस मिनिटं नाहीत. कुटुंब बरोबर असताना ताशी सरासरी साठ धरावी. म्हणजे चाक फिरतं तेवढेच चौदा तास, वर थांबे अडीच-तीन तास. एकटा पट्टीचा चालक हे एका दमात करून दाखवतो आणि नंतर वर्षभर सांगत फिरतो. पण दोन मुलं मागे बसलेली असताना सतरा तास गाडी हाकणं याला मी तरी प्रवास म्हणणार नाही. हा दोन दिवसांचा रस्ता आहे. जाताना एक मुक्काम, येताना एक.

म्हणून खरी तुलना सात तास आणि दोन दिवस यांच्यात आहे. पाच दिवसांची सुट्टी असेल तर गाडीचे चार दिवस रस्त्यातच जातील आणि बंगळूरला एक दिवस उरेल. तेवढी सुट्टी असेल तर पुढचं वाचण्याची गरजही नाही, विमान किंवा रेल्वे. आठ-नऊ दिवस हातात असतील तरच गाडीचा विचार सुरू होतो.

पायरी दुसरी: बरोबरीचा आकडा काढा

आता पैसे. आई-वडील आणि दोन मुलं, पेट्रोलची मध्यम गाडी, बंगळूरला तीन दिवस असं धरू. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही भरा.

गाडीचा खर्च असा. जाऊन-येऊन १,६८० किलोमीटर, शहरातले १२० मिळवून १,८०० झाले. माणसं, बॅगा आणि एसी यांच्यासह लिटरला १५ किलोमीटर धरले तर १२० लिटर, १०५ रुपयांनी १२,६०० रुपये. टोल दोन्ही बाजूंचा मिळून ३,०००. वाटेतले दोन मुक्काम ७,०००. रस्त्यावरचं खाणंपिणं ४,०००. पार्किंग १,०००. आणि बहुतेक जण सोडून देतात तो खर्च म्हणजे गाडीची झीज. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरला अडीच रुपये धरले तर ४,५०० होतात. हे पैसे त्या दिवशी खिशातून जात नाहीत, पुढच्या सर्व्हिसिंगच्या बिलात निघतात. सगळं मिळून ३२,१००.

विमानाने गेलात तर तिकिटांखेरीज होणारा खर्च: लोहगावची कॅब जाऊन-येऊन १,४००, देवनहळ्ळीची २,६००, शहरात तीन दिवस कॅब आणि मेट्रो ४,५००, विमानतळावर मुलांनी हट्ट करून घेतलेलं सँडविच वगैरे १,५००. एकूण १०,०००.

३२,१०० मधून १०,००० वजा केले की २२,१०० राहतात. जाण्या-येण्याची मिळून तिकिटं आठ. भागाकार केला की एका तिकिटाला साधारण २,७५० रुपये. हा तुमचा बरोबरीचा आकडा. भाडं याच्या खाली मिळालं तर विमान सरळ स्वस्त. त्याच्या वर असेल तर वरचा प्रत्येक रुपया तुम्ही वेळ विकत घेण्यासाठी मोजताय.

आता उघडा ॲप. समजा ४,५०० चं भाडं दिसलं. आठ तिकिटांचे ३६,००० आणि वरचे १०,०००, म्हणजे ४६,०००. फरक १३,९०० चा. या पैशांत काय मिळालं? ढोबळ मानाने दोन पूर्ण दिवस. आई-वडील दोघंही नोकरी करत असतील तर चार रजा वाचल्या, एका रजेला साडेतीन हजार पडले. हा सौदा परवडतो का, हे प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असेल. पण आता तुम्हाला निदान कळलं की प्रश्न कसला आहे.

हाच हिशेब फक्त नवरा-बायकोसाठी केला तर बरोबरीचा आकडा पाच हजारांच्या वर जातो, कारण पेट्रोल-टोल तेवढाच आणि तिकिटं निम्मी. म्हणून जोडप्यांनी बहुतेक वेळा विमानच पकडावं. उलट आजी-आजोबांसह सहा जण आणि सातआसनी गाडी असेल तर तिकिटं बारा होतात. मुक्कामाला दोन खोल्या घेऊनही पैशांच्या बाजूने गाडी जड ठरत नाही.

दोन बारकावे. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून जातं आणि त्याचं ठरावीक शुल्क लागतं, पण परतीच्या तारखेआधी बाळाला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर परतीला त्याचं वेगळं पूर्ण तिकीट लागतं. आणि फास्टॅगचा वार्षिक पास. १५ ऑगस्ट २०२५ ला तो खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत सुरू झाला, वर्षभर किंवा २०० फेऱ्या. पुणे–बंगळूर महामार्गावर एक नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते. वर्षात एकदाच बंगळूरला जाणार असाल तर त्याने फारसं काही वाचत नाही, पण दर महिन्याला कोल्हापूर-साताऱ्याला गावी जाणाऱ्यांकडे तो असेल तर वरच्या हिशेबातला टोल जवळजवळ पुसून टाका. हा पास राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर नेहमीसारखा टोल कापला जातो, ते लक्षात असू द्या.

सीएनजी गाडीवाल्यांचा इंधनाचा आकडा बराच खाली येईल. पण डिकीत सिलिंडर आहे, मग चौघांच्या बॅगा कुठे ठेवणार, हे निघायच्या आदल्या रात्री नको, आजच बघा.

पायरी तिसरी: गाडीत कोण कोण बसणार

आकडेमोडीइतकंच हे महत्त्वाचं. गुडघे दुखणाऱ्या आजीला सलग सात-आठ तास मागच्या सीटवर बसवणं वाईट, पण विमानतळावरची चालही काही कमी नसते. विमान ठरलं तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करा. ऐन वेळी मागितली तर मिळते, पण थांबावं लागतं.

गाडी लागणारं मूल असेल तर खंबाटकी घाटातच त्याचा अंदाज येईल. त्यापुढे निपाणीपर्यंत रस्ता तसा सरळ आहे. विमानात लहान मुलांचे कान दुखतात ते बहुतेक उतरताना. त्या वेळी तान्ह्याला पाजावं, मोठ्याला चघळायला काहीतरी द्यावं.

गाडी चालवणारे किती, हे प्रामाणिकपणे मोजा. घरात परवाने दोन आणि महामार्गावर चालवणारा एकच, असं पुष्कळ घरांत असतं. चालवणारा एकच असेल तर दिवसाला साडेचारशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. पहिल्या मुक्कामासाठी मी हुबळी सांगतो त्यामागे हेच कारण आहे, ते पुण्यापासून सव्वाचारशे-साडेचारशेवर, जवळजवळ बरोबर मध्यावर आहे.

पायरी चौथी: शहरात पोचल्यावर त्या गाडीचं काय करणार?

गाडीवाल्यांचं सगळ्यात आवडतं कारण असतं, "तिकडे फिरायला आपली गाडी हाताशी राहते." गावाकडे, कोकणात किंवा कूर्गात हे पटतं. बंगळुरात नाही. सिल्क बोर्ड, मारतहळ्ळी, हेब्बाळ ही नावं तिथली माणसं अंतर सांगायला नाही, उशिराचं कारण सांगायला वापरतात. अनोळखी एकेरी रस्ते, कन्नड पाट्या, पार्किंगसाठी चर्च स्ट्रीटच्या मागच्या गल्ल्यांतून मारलेल्या चकरा आणि नो पार्किंगमधून उचलून नेलेली गाडी, या सगळ्यात सहलीचा रंगच जातो. सहलीला आलेला चालक संध्याकाळी ऑफिसातून सुटलेल्या माणसासारखा दिसतो.

त्यापेक्षा मेट्रो बघा. हिरवी मार्गिका उत्तरेला मादावरपासून निघते आणि यशवंतपूर, मॅजेस्टिक, लालबाग, जयनगर करत दक्षिणेला जाते. जांभळी मार्गिका पूर्व-पश्चिम जाते, कब्बन पार्क आणि एम. जी. रोड तिच्यावर आहेत. दोन्हींची अदलाबदल मॅजेस्टिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मार्गिकाही सुरू झाली. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली लालबाग, कब्बन पार्क, त्याच्या शेजारचं विश्वेश्वरय्या विज्ञान संग्रहालय (मुलं तिथून निघायला तयार होत नाहीत, अर्धा दिवस ठेवा), कमर्शियल स्ट्रीटची खरेदी, हे सगळं मेट्रो आणि थोडं चालणं किंवा रिक्षा यात उरकतं. बन्नेरघट्टाचं प्राणिसंग्रहालय आणि बिडदीजवळचं वंडरला मनोरंजन उद्यान एवढी दोनच ठिकाणं गाडीने सोयीची, तीही दिवसभराच्या कॅबने भागतात. विमानतळाकडे जाणारी मार्गिका मात्र मी हे लिहितोय तेव्हा सुरू झालेली नाही. तिथून शहरात यायला कॅब किंवा बीएमटीसीच्या, म्हणजे तिथल्या शहर बससेवेच्या, वायुवज्र बस. केआयए अशी अक्षरं असलेल्या या बस वातानुकूलित आहेत, सामानाला जागा आहे आणि भाडं कॅबच्या मानाने फारच कमी. दोन बॅगा आणि दोन मोठी मुलं असतील तर खुशाल बस घ्या.

तरीही गाडी न्यायचीच असेल तर एक युक्ती आहे. पुण्याहून येणारा महामार्ग तुमकूर रोडने शहरात शिरतो आणि मादावरचं मेट्रो स्थानक त्याच रस्त्यावर आहे. शहराच्या पोटात हॉटेल घेण्याऐवजी तुमकूर रोड किंवा यशवंतपूरच्या बाजूला, स्वतःचं पार्किंग असलेलं हॉटेल बघा. गाडी तिथे लावा, किल्ली बॅगेत टाका आणि निघायच्या दिवसापर्यंत विसरून जा. परतीला पहाटे महामार्गाला लागणंही सोपं पडतं. खोली ठरवताना "पार्किंग आहे का?" एवढंच विचारू नका. "आतमध्ये आहे की रस्त्यावर? रात्री आलो तर जागा राखून ठेवणार का?" असं विचारा.

पायरी पाचवी: रस्त्यात तुम्हाला काही बघायचंय का?

माझ्या मते निकाल इथे लागतो. रस्ता फक्त कापायचा असेल तर विमान बरं. रस्ताच सहलीचा भाग असेल तर बारा-चौदा हजारांच्या फरकाचा विचारही मनात येत नाही, कारण गाडी तेव्हा स्वस्त म्हणून निवडलेली नसते.

आणि हा रस्ता बघण्यासारखा आहे. बेळगाव आणि धारवाड यांच्यामध्ये, महामार्गाला लागूनच कित्तूर आहे. १८२४ मध्ये राणी चेन्नम्मा इंग्रजांशी लढली ते हे गाव. कोट-वाड्याचे अवशेष तासाभरात पाहून होतात आणि मुलांचे पाय मोकळे होतात. बेळगावचा कुंदा, धारवाडचा पेढा हे सांगायला नको. हुबळीत रात्रीच्या जेवणाला हॉटेलातला पनीर बटर मसाला मागवू नका, जोळद रोटीची एखादी खानावळ विचारा. ज्वारीची पातळ भाकरी, भरल्या वांग्यासारखं येणगाई, शेंगदाण्याची चटणी आणि दही. आपल्या सोलापूरकडच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दावणगिरी. तिथला बेण्णे डोसा आपल्याकडच्या उडपी डोशापेक्षा आखूड आणि जाडसर असतो. तव्यावरच लोण्याचा गोळा पडतो, कडा तांबूस होतात, आणि सोबत सांबाराऐवजी बटाट्याची फिकी भाजी आणि पांढरी खोबऱ्याची चटणी येते. सांबार मागितलंत तर पोऱ्या तुमच्या गाडीची नंबरप्लेट न बघताही ओळखतो की पाहुणे बाहेरचे आहेत.

त्यानंतर चित्रदुर्ग. हुबळीहून दोनशे किलोमीटर, बंगळूरच्या अलीकडे साधारण तेवढंच. सात कोटांचा किल्ला, घरांएवढाल्या धोंड्यांतून गेलेली तटबंदी. हैदर अलीचे सैनिक एका खडकाच्या फटीतून आत शिरत असताना पहारेकऱ्याच्या बायकोने, ओबव्वाने, मुसळाने एकेकाला लोळवलं अशी कथा सांगतात. ती फट आजही दाखवतात. आठ-दहा वर्षांचं मूल तिच्यातून जाऊन आल्याशिवाय राहत नाही. किल्ला चढायचा आहे, पायात बूट हवेत, आणि उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत चढणं सुरू करा, खडक तापतात. तीन तास धरा.

वेळ असेल आणि घरात इतिहासाची आवड असेल तर आणखी एक जागा. दावणगिरी जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे नावाचं खेडं आहे. शहाजीराजांचा १६६४ मध्ये तिथेच अंत झाला, त्यांची समाधी आहे. महामार्ग सोडून आत जावं लागतं, त्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढावा. बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही. विमानातून हे काहीच दिसत नाही. मुलं मात्र मोबाइलवरच असणार असतील आणि तुम्हाला किल्ल्यांचा कंटाळा असेल, तर मग उगाच स्वतःची समजूत घालू नका, तिकिटं काढा.

गाडी ठरली असेल तर

पहाटे साडेचार-पाचला निघा. नवले पुलाचा उतार आणि खेड शिवापूरचा नाका उजाडायच्या आत पार झाला पाहिजे. शनिवारी सकाळी आठनंतर खंबाटकीत आख्खं पुणे भेटतं. नवले पुलाच्या त्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याचा मोह कुणाला होत असेल तर तो आवरा. तिथे वारंवार अपघात होतात.

सातारा ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, जागोजागी वळणरस्ते आहेत. नकाशाच्या वेळेत तासभर तिथेच वाढवा. हुबळी-धारवाडचा बायपास बरीच वर्षं दुपदरी होता आणि रात्रीच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध. रुंदीकरण होत असलं तरी तो पट्टा दिवसाउजेडी पार होईल असंच बघा. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा नियम घरात आधीच ठरवून टाका, म्हणजे "अजून शंभरच किलोमीटर तर राहिलेत" हा संवाद होत नाही.

कोल्हापूरला मिसळ खायची असेल तर खा, पण तिखट कट मुलांना देऊन लगेच मागच्या सीटवर बसवू नका.

आधी पेट्रोल भरायला निपाणी गाठायची, असा जुन्या चालकांचा शिरस्ता होता. हल्ली दोन्हीकडच्या भावांत तसा फरक उरलेला नाही. टाकी अर्ध्यावर आली की भरा. फास्टॅगमध्ये शिल्लक घरूनच टाका, नाक्यावर रिकामा निघाला तर जास्तीचा टोल भरावा लागतो. विमा, पीयूसी, आरसी डिजिलॉकरमध्ये असतील तर चालतात, तरी छापील प्रती ग्लव्ह बॉक्समध्ये असू द्या. मागच्या सीटवरही बेल्ट लावायचाच. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, ब्रेक जोरात लागल्यावर काय होतं त्याचा विचार करा. गाडी बंद पडली तर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३, तातडीच्या मदतीसाठी ११२.

आणि एक गोष्ट जी नकाशावर दिसत नाही. सीमाप्रश्न तापला की बेळगावच्या आसपास महाराष्ट्राच्या पाटीच्या गाड्यांना अडवल्याच्या बातम्या येतात. १ नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिवस एकाच दिवशी असतात, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरतं. त्या सुमारास निघत असाल तर आदल्या दिवशीच्या बातम्या बघून घ्या. एरवी घाबरण्यासारखं काहीही नाही, बेळगावात चहाच्या टपरीवर तुम्हाला मराठीतच "कुठनं आलासा?" असं विचारतील.

विमान ठरलं असेल तर

बरोबरीचा आकडा हाताशी आहेच, त्याच्या जवळपासचं भाडं दिसलं की आणखी उतरण्याची वाट बघत बसू नका. चौघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी असे निर्देश डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिलेत. एकत्र बुकिंग असेल तरच त्याचा उपयोग. जागांसाठी पैसे भरायच्या आधी हे आठवा.

हिवाळ्यात देवनहळ्ळीला पहाटे धुकं असतं. डिसेंबर-जानेवारीत बंगळूरहून पहिलं विमान घेण्यापेक्षा सकाळी दहानंतरचं घ्या. पुढे जोडउड्डाण असेल तर नक्कीच.

सामान: देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी १५ किलोची चेक-इन बॅग आणि ७ किलोची हातातली बॅग देतात. घरी वजनकाट्यावर करून बघा. तूप आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडकतं. बंगळूरला नातेवाईक असतील आणि आईने त्यांच्यासाठी साजूक तुपाची बरणी दिली असेल, तर ती झाकणाला टेप लावून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, कपड्यांच्या मध्ये चेक-इन बॅगेत. सुकं खोबरं मात्र चेक-इनमध्येही चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. ओटीचा नारळ तिकडेच विकत घ्या. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत हवी. दशम्या, चिवडा, लाडू बिनधास्त न्या. विमानतळावरच्या भावांपुढे त्यांची किंमत कळते.

परतताना एक बेत आधीच ठरवा. लोहगावला उतरल्यावर ॲपवाली कॅब टर्मिनलच्या दारात येत नाही, एअरोमॉल या पार्किंगच्या इमारतीतून घ्यावी लागते. रात्री झोपलेलं मूल खांद्यावर आणि हातात दोन बॅगा अशी अवस्था होणार असेल तर घरच्या कुणाला तरी घ्यायला बोलवा.

आणि तिसरा मार्ग

गाडी की विमान या भांडणात रेल्वे विसरली जाते. उद्यान एक्सप्रेस पुण्याहून सोलापूर, गुंटकलमार्गे बंगळूरला जाते, पण वेळ खूप खाते. मुलांना बर्थवर उड्या मारायला मिळतात आणि झोप होते, एवढं मात्र खरं. सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी वंदे भारतही आहे, रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. हुबळीहून पुढे बंगळूरला गाड्या मिळतात. गाडीने दमायचंही नाही आणि हुबळीची खानावळही सोडायची नाही, अशांनी हे वेळापत्रक बघावं.

म्हैसूरही करायचंय म्हणून स्वतःची गाडी हवी, हेही तितकंसं खरं नाही. बंगळूर–म्हैसूर रेल्वेने अडीच तासांच्या आसपास आणि दिवसभर गाड्या असतात. नाहीतर विमानाने जा आणि फक्त त्या दोन दिवसांपुरती चालकासह गाडी ठरवा. मला विचाराल तर सहा दिवसांच्या आतल्या सहलीला हाच सगळ्यात सोयीचा मेळ आहे.

दुसऱ्या शहरांचं थोडक्यात. पुणे–हैदराबाद साडेपाचशे किलोमीटरच्या घरात, सोलापूरमार्गे, पहाटे निघालं की संध्याकाळी पोचता येतं. तिथे मुक्कामाचा खर्च नाही, त्यामुळे चौघांसाठी गाडी सहज जिंकते. नागपूरकरांना मुंबईसाठी जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण मिळालाय. रस्ता उत्तम, पण सरळसोट आणि कंटाळवाणा, डुलकी लागण्याचा धोका खरा, दर दोन तासांनी थांबलंच पाहिजे, आणि टायर जुने असतील तर त्या वेगाला निघूच नका. पुणे–अहमदाबादला अंतर कमी वाटतं, पण ठाणे-घोडबंदरची कोंडी सगळं गणित बिघडवते. दिल्ली, कोलकाता, जयपूर यांच्यासाठी गाडीचा हिशेब मांडूच नका, त्या वेळात तिकिटांच्या तारखा मागे-पुढे करून बघा.